यानकाकांची साक्ष

अंबरनाथ पूर्वेच्या त्या चाळीत सदू भोईरांना सगळे यानकाका म्हणत. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत ड्रम ढकलता ढकलता पस्तिशी उलटली, तेव्हा ते प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले. अक्षराला अक्षर जुळू लागल्यावर पहिली पुरी वाचलेली गोष्ट निघाली ती चंद्रावर अडकून पडलेल्या माणसाची. उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या, कव्हर फाटलेल्या दिवाळी अंकातली. तेव्हापासून माणूस जो नादाला लागला तो लागलाच. अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरची माणसं, याखेरीज दुसरं काही वाचायचं म्हटलं की त्यांना झोप येई.

उशिरा शिकलेल्याला मनातल्या मनात वाचणं जमत नाही. ओठ हलतात, आवाज फुटतो. त्यामुळे काका वाचायला बसले की त्यांची बायको बनूबाई भाकरी थापता थापता ऐकत आणि चाळीतली पोरं उंबऱ्यावर गोळा होत. त्यांत सगळ्यात पुढे बसायची ती नूतन. दम्याची पोर. चार शब्द बोलली की श्वासासाठी थांबायची, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहायची नाही.

"काका, यंत्रमानवाला... सर्दी झाली तर... नाक कोण पुसतं?"

काका पुस्तक मिटून विचारात पडत. उत्तर त्यांच्याकडे नसे, पण असा प्रश्न आपल्या गोष्टीतून निघाला याचंच त्यांना कौतुक.

तीच नूतन मोठी झाली, नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या वस्तीत बालवाडी चालवू लागली आणि यंदा नगरपालिकेला उभी राहिली. काकांच्या पक्षाविरुद्ध. त्याचं काकांना फार वाटलं नाही. पोरीला पोरीची मतं. पण कोपरासभेत ती बोलली ते मात्र लागलं.

"नवी पाइपलाइन येणार... असं हे दहा वर्षं सांगतात," नूतन माइकवर म्हणाली. "आमच्या चाळीत... यानकाका आहेत. त्यांच्या गोष्टीसारखं आहे हे. ऐकायला झकास... पण पाणी येणार मंगळावर."

लोक खदखदून हसले. बनूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. काका हसले नाहीत. ज्या गोष्टींनी आपल्याला माणसांत आणलं, त्या आज थापांच्या रांगेत बसल्या, आणि बसवल्या कुणी, तर नूतनने. घरी येऊन ते न जेवता निजले. बनूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोट भरलंय."

पुढे चार-पाच दिवसांनी सकाळी पाण्याच्या वेळेला सार्वजनिक नळावर अल्पेश आला. काकांच्याच पक्षाच्या शाखेत बसणारा पोरगा, हातात दोन फोन. नळावर चाळीतल्या बाया होत्या, पत्र्याच्या वस्तीतल्याही होत्या, आणि बादली घेऊन आलेले काकाही होते. अल्पेशने फोनवर एक क्लिप लावली. आवाज नूतनचा. ती कुणाला तरी सांगत होती, त्या पत्र्यातल्या लोकांना आधी हटवायला पाहिजे, घाणेरडी वस्ती आहे, बालवाडी चालवते ती फक्त मतांसाठी.

हंडा भरून वाहू लागला तरी कुणी उचलीना.

"आजकाल मशीन पण आवाज काढतं म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर इकडे आलो ना," अल्पेश म्हणाला. "यानकाका, तुम्ही या लाइनमधले एक्सपर्ट. तुम्हीच सांगा. खरं की मशीन?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांनी क्लिप पुन्हा ऐकली. आणि ऐकताना त्यांना स्वच्छ कळलं. हा आवाज कुठेच थांबत नव्हता. सलग, घसरगुंडीवरून सुटल्यासारखा. नूतनला जन्मात असं बोलता आलं नव्हतं. एवढं कळूनही त्यांच्या कानात सभेतलं हसू घुमत होतं.

"तिचाच आवाज," काका म्हणाले. "लहानपणापासून ओळखतो मी. मशीनला हे जमत नाही."

अल्पेशच्या दुसऱ्या फोनने तेवढं टिपून घेतलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लिप जोडीने फिरू लागल्या. आधी नूतनची, मागून काकांची.

नूतन पडली. निवडणुकीत कुणीतरी पडतंच, असं काका मनाला समजावत राहिले. पण एका दुपारी नाल्यापलीकडून येताना त्यांनी बालवाडीत डोकावलं. नूतन एकटी बसली होती. समोर चटया अंथरलेल्या, त्यांवर एकही पोर नाही. ती खडू घेऊन फळ्यावर ससा काढत होती. काका पाऊल न वाजवता मागे फिरले.

घरी आल्यावर त्यांनी बनूबाईंना सगळं सांगितलं. श्वासाचंही सांगितलं.

बनूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "मला वाटलं होतं, तुम्ही फसलात," त्या म्हणाल्या. "फसलेल्या माणसाला मी चहा करून दिला असता."



संध्याकाळी काका नूतनच्या दारात गेले. ती आत या म्हणाली, पाणी दिलं. काकांनी मान खाली घालून कबूल केलं.

"माझी गंमत... एवढी लागली तुम्हाला?"

"लागली."

"मग येऊन माझा... कान पिळायचा होता. लहानपणी पिळायचात की." ती थांबली. श्वास घेतला. "मला सांगून काय उपयोग... काका? मुलं थोडीच रागावलीत... माझ्यावर. त्यांच्या आया... रागावल्यात."

काकांनी घरी येऊन सुनेला, श्रद्धाला, फोन धरायला सांगितलं. 'मी खोटं बोललो, ती क्लिप मशीनची होती, नूतनचा काही दोष नाही,' असं ते फोनसमोर बोलले. बोलताना तीनदा अडखळले. श्रद्धाने ते चाळीच्या आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकलं.

थोड्याच वेळात अल्पेशचं उत्तर आलं. श्रद्धाने वाचून दाखवलं. "सावधान. यानकाकांची ही नवीन क्लिप मशीनने बनवलेली आहे. आमचे काका असं कधीच बोलणार नाहीत."

खाली अंगठ्यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, 'ओठ बघा, जुळत नाहीत.' कुणी लिहिलं होतं, 'विज्ञान किती पुढे गेलं.'

"बाबा, आता काय टाकू?" श्रद्धाने विचारलं.

काका फोनकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांनी अशा गोष्टी वाचल्या होत्या, ज्यात यंत्र माणसाचं सोंग घेतं आणि कुणाला ओळखू येत नाही. वाचताना अंगावर काटा यायचा, मजा वाटायची. इथे तर यंत्राची गरजच पडली नव्हती. खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांनी खरं धरलं. आता ते खरं बोलत होते तर लोकांना त्यात मशीन दिसत होतं.

"काही नको टाकू," ते म्हणाले. "चपला कुठायत माझ्या?"

पत्र्याच्या वस्तीत ते दारोदार फिरले. दर दारात तेच सांगायचं, आणि दर वेळी ते पहिल्यापेक्षा जड जायचं. एकीने ऐकून दार लावून घेतलं. एका बाप्याने विचारलं, "आता तिकडून पैसे मिळाले वाटतं?" एकजण म्हणाला, काका, जाऊ द्या, राजकारणात चालतंच. तो समजूत काढत होता, पण काकांना तेच सगळ्यात जास्त टोचलं.

शेवटच्या गल्लीत कौसाबाई दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. वयाने काकांच्या बरोबरीच्या. त्यांची नात नूतनकडे जायची. काकांनी शेजारी बसून सगळं सांगितलं. कौसाबाईंनी हातातला लसूण खाली ठेवला, काकांचा हात ओढून घेतला आणि मनगटावर जोरात चिमटा काढला. काका कळवळले.

"मानूसच हाय," त्या म्हणाल्या. "पोरगा सांगत व्हता, फोनातला तू खोटा हाईस म्हून."

"फोनातला खरा होता. नळावरचा खोटा."

"म्हंजे तुला तवाच ठावं व्हतं?"

काकांनी होकाराची मान हलवली.

"आरं, आमी अडानी. तू वाचनारा म्हून तुझ्या तोंडाकडं बगितलं ना आमी. त्या पोरीनं माझ्या नातीचं नाक पुसलंय, आन् मी तिला भर रस्त्यात नको ते बोलले. तुझ्या शब्दावर."

आतून नात डोकावली तशी कौसाबाईंनी तिला दटावून परत पाठवलं.

"पोरीला उद्या धाडते," त्या लसूण पुन्हा हातात घेत म्हणाल्या. "तुझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी. आन् तू हितं बसू नको. फुडं तीन घरं हायत अजून."

काका उठले. मनगटावर लाल वळ उमटला होता. तो बाहीखाली न झाकता त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवली.