सुनेनं मारलेली हाक

कानिमेतची होडी या हिवाळ्यात चुलीत घालायची, हे तिच्या सासऱ्यांनी, मुकाशनी, जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. जन्मभर मेंढ्या आणि घोडी वळलेला माणूस. इस्सिक-कुल सरोवराच्या काठी घर असूनही गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी गेलेले नाहीत. कानिमेत मात्र कोळ्याची लेक. ती लहानशी शिडाची होडी बापानं लग्नात दिली होती, आणि बाप गेल्यावर माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. अंगण अडवते, बाईमाणसाला कशाला हवी, असं सासऱ्यांचं म्हणणं. सासूबाईंनी रदबदली केली तेव्हा ते कसेबसे एवढ्यावर आले, की एकदा बसून बघतो, मग कुऱ्हाड उचलतो.

म्हणून त्या दुपारी दोघं पलीकडच्या गावी, मुकाशच्या बहिणीकडे निघाले. सासऱ्यांकडे पाठ होऊ नये म्हणून कानिमेत सुकाणूपाशी अंग चोरून बसली होती. शिडाचा दोर त्यांनी मागून घेतला आणि सरळ मांडीखाली दाबला. घोड्यावर बसून दुसरा घोडा सोबत नेताना त्याचा दोर तसाच दाबतात. मग वाळवलेल्या दह्याची गोळी तोंडात टाकून ते निवांत झाले. दोर हातात धरायचा असतो, हे अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. पण सासऱ्यांना शिकवणारी सून गावात कुणाला आवडते? तिनं शब्द गिळले, आणि चूक तिथंच झाली.

अर्ध्या वाटेत पश्चिमेच्या खिंडीवर धूळ उठली. खाली पाण्यावर काळी रेघ धावत येत होती. खिंडीतून सुटणारा वादळी उलान वारा, आणि तोही भलताच घाईत.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "दोर थोडा सैल असता तर बरं झालं असतं."

"काळजी करू नकोस सूनबाई. माझ्या मांडीखालून आजवर एक घोडा सुटलेला नाही."

पुढच्या क्षणी वाऱ्यानं शीड गच्च भरलं आणि होडी एका कुशीवर गेली. काठावरून पाणी आत आलं. मुकाश घसरून खालच्या बाजूला गेले आणि घाबरून त्यांनी मांडी आणखीच आवळली. आता शीड सुटेना आणि होडी उठेना. कानिमेतनं दोनदा "मामंजी" म्हटलं. चार वर्षं घरात खालच्या पट्टीत बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की तो तिच्या ओठांपुढेही गेला नाही.

सासऱ्यांचं नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं. त्याच नावाचा एक शेजारी होता, त्यालासुद्धा ती "वरच्या घरचे" म्हणायची. पण पाणी पोटरीला लागलं तेव्हा रीत कुठली आणि लाज कुठली.

"मुकाश! मांडी उचल! दोर सोड!"

मुकाशनी मांडी उचलली. दोर सर्रकन निघून गेला, शीड मोकळं फडफडलं आणि होडी सरळ झाली.

"इकडे वरच्या अंगाला बस. पाणी उपस."

"कशानं?"

"टोपीनं!"

ज्या पांढऱ्या टोपीला त्यांनी कधी जमिनीवर टेकू दिलं नव्हतं, त्याच टोपीनं ते मुकाट पाणी उपसू लागले. कानिमेतनं होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, शीड अर्धं उतरवून बांधलं आणि तिरकी तिरकी वाट काढत तासाभरात किनारा गाठला. त्या तासात ती सासऱ्यांना अरे-तुरेच करत होती आणि तेही ती म्हणेल ते करत होते.

वाळूवर पाय टेकले तशी मात्र तिची गाळण उडाली. वादळात वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. होडी तर आता चुलीत गेलीच, शिवाय सासऱ्यांना नावानं पुकारणारी सून म्हणून जन्मभराचा डाग. डोक्यावरचा ओला रुमाल सारखा करून, मान खाली घालून तिनं माफी मागितली.

मुकाश टोपी पिळत होते.

"आई गेल्यापासून," ते म्हणाले, "इतकं जीव तोडून मला कुणी हाक मारली नव्हती."

कानिमेतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यांनी पाहिलं आणि टोपी आणखी जोरात पिळली.

"घरात मामंजीच म्हण, नाहीतर सासूबाई तुझ्या मलाच बोलतील. पण पुढच्या खेपेपासून पाण्यावर मुकाश म्हणत जा. लवकर ऐकू येतं."