मोहरम उलटल्यावरचा फकीर

मौलालीनं केरबाच्या हातातला मोरपिसांचा कुंचा काढून घेतला आणि त्याला डॉक्टरसाहेबाच्या टेबलापुढं उभं केलं. अंगात हिरवा सदरा, खांद्याला झोळी, गळ्यात नवसाचा लाल-हिरवा नाडा. मोहरमात पिराचे फकीर झालेले गल्लीतले बाकीचे कुणबी केव्हाच नाडे उतरवून शेतीच्या कामाला लागले होते. हा एकटा अजून दारोदार भीक मागत फिरत होता. काल तर त्यानं एका मडमेची बग्गी अडवून तिच्या मांडीवरच्या बाळावरून कुंचा फिरवला. कोल्हापूर महाराजांचं होतं खरं, पण बंगल्यांपुढचा रस्ता साहेबलोकांचा. पोलिसांनी त्याला धरून आणलं.

दाराशी त्याची बायको बयाबाई उभी होती. ती रडत नव्हती. गाठीच्या तापानं, साहेबलोकांच्या प्लेगनं, यंदा घरटी एक माणूस नेलं होतं, आणि मागं राहिलेले नुसते बघत बसायला शिकले होते.

"मॅड ऑर फूल?" साहेबानं टाक दौतीत बुडवत विचारलं.

मौलाली साहेबाचा दुभाषा. इंग्रजी तो शिव्या खात शिकला होता. चहा सांडला की फूल, निरोप चुकला की इडियट, दोन्ही एकदम झालं की डंकी. हल्ली साहेब काहीही बोलला तरी त्याला काहीच वाटत नसे. मॅड हा शब्द मात्र निराळा. तो कागदावर लिहायचा शब्द. तो एकदा लिहिला की माणसाची रवानगी घाटाखाली, वेड्यांच्या इस्पितळात. तिथून परत आलेलं कुणी मौलालीनं पाहिलं नव्हतं.

"का रं बाबा," तो केरबाला म्हणाला, "मोहरम सरला की. आता कशापायी फिरतोस?"

"पोराचा नवस हाय."

"पोरगं कुठाय?"

दारातून बयाबाई म्हणाली, "गेलं. मोहरमातच."

मौलालीनं आवाज खाली आणला. "तुला ठावं हाय न्हवं?"

"ठावं नसायला काय झालं? ह्याच हातांनी पुरलाय त्येला." केरबा हिशेब सांगावा तसं सांगत होता. "पर पोरगं बरं झाल्याबिगार नाडा काढणार न्हाय, असं पिराला बोललोय. बरं झालं न्हाय. मग काढू कसा?"

मौलालीला यात चुकीचं काही सापडेना, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. हे आहे तसं इंग्रजीत सांगितलं असतं तर साहेबानं दुसरा प्रश्न न विचारता मॅड लिहिलं असतं.

"फूल, सर," तो म्हणाला. "ओन्ली फूल."

"तुझ्यासारखा?"

"येस, सर. सेम."

साहेब मनापासून हसला. "मग त्याला म्हणावं, हे सोंग माझ्यासमोर उतरव. उतरवलं तर घरी जा. नाही तर मी मॅड लिहितो."

मौलालीनं सांगितलं. केरबानं दोन्ही हातांनी नाडा घट्ट धरला.

"न्हाय जमायचं."

"आरं, घेऊन जातील तुला!"

"जाऊ द्या."

साहेबानं कागद पुढं ओढला. तेवढ्यात बयाबाई आत आली. साहेबाकडं तिनं पाहिलंही नाही.

"मान वाकवा," ती नवऱ्याला म्हणाली. त्याची बोटं एकेक करून सोडवली, नाडा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घालून वरनं पदर ओढला. "तुमी काढला न्हाईसा. मी काढलाय. आता फुडलं माझं."

केरबाचा हात मोकळ्या गळ्यावरून फिरला, आणि तो एकदम मोठ्यानं रडायला लागला.

"आता काय झालं?" साहेबानं विचारलं.

"नथिंग, सर."

साहेबानं मॅड न लिहिताच सही केली. मौलाली दोघांना पायरीपर्यंत सोडायला आला. तिथं बयाबाईनं नवऱ्याच्या खांद्यावरची झोळी काढून घेतली आणि मौलालीपुढं धरली.

"भाऊ, माझं पयलं घर तुमचंच."

भर उन्हात, बंगल्याच्या पायरीवर, कुणब्याची बायको भीक मागत होती. मौलालीनं आपली दुपारची भाकरी फडक्यासकट झोळीत टाकली आणि कुंचा तिच्या हाती दिला.

फकिराच्या रीतीप्रमाणं तिनं विचारलं, "घरात ल्येकरं हायत न्हवं?"

बंगल्यात हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"एक हुती," मौलाली म्हणाला. "शहाजादी."

आतून साहेबानं हाक मारली. मौलाली जागचा हलला नाही. डोक्यावरून कुंचा फिरेपर्यंत तो मान वाकवून उभा राहिला.