बाहीतली बदाम-नव्वी

मी गडद निळ्या लोकरीचा एक बायकी कोट. मला शिवलं शेक मास्तरांनी, मकावमध्ये, लाल बाजारामागच्या त्यांच्या अरुंद दुकानात. माप देणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. केस नीट बांधलेले, बोलणं हळू. निवृत्त शिक्षिका असाव्यात असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं.

"मास्तर, उजव्या बाहीचं अस्तर दुहेरी घाला," बाई म्हणाल्या. "मनगटापाशी एक फट ठेवा. मनगट सुजतं माझं, औषधाची पट्टी सरकवायला लागते."

"दोन बोटं जातील एवढी?"

"तेवढीच. आणि आत दुकानाचं लेबल नको. टोचतं मला."

मास्तरांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि दोरा ओवला. मी नवा कोरा, भाबडा. मला आपला त्या सुजणाऱ्या मनगटाचा कळवळा आला.

घरची माणसं तीन. बाई, त्यांचे टक्कल पडलेले, सदा कुरकुरणारे यजमान आणि मुलगी मान-चिंग. लाडाने तिला आ-चिंग म्हणत. मुलगी गोड होती. चेहरा असा निर्मळ, की रस्त्यात अनोळखी बाया तिच्या हातात आपलं पोर देऊन पिशव्या सावरत. घर म्हणाल तर नव्हतंच. या हॉटेलातून त्या हॉटेलात. मला वाटलं, हौशी मंडळी आहेत, फिरतीवर असतील.

सकाळी तिघं पेज खायला बसत. यजमानांनी पिठाची तळलेली कांडी उचलली की बाई त्यांच्या हातावर चापट मारत.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर काय, तो पण खातो!"

आ-चिंग खो-खो हसे. बाई तिच्या वाडग्यावर फुंकर घालून देत, "जीभ भाजेल गं, सावकाश." मी खुर्चीच्या पाठीवर लटकून हे ऐकत असे आणि मनात म्हणे, नशीब काढलं आपण.

मग एका दुपारी ते मला जुगाराच्या मोठ्या दालनात घेऊन गेले. तिथे खिडकी नव्हती, घड्याळ नव्हतं. हिरव्या मेजाभोवती माणसं पत्ता कोपऱ्यातून इंचाइंचाने उचलून बघत होती; नऊच्या जवळ ज्याची बेरीज, तो जिंकला. बाईंचा पत्ता वाईट निघाला. त्याच क्षणी आ-चिंगच्या हातून चहा सांडला. "कार्टे, लक्ष कुठंय तुझं!" यजमान ओरडले. पत्ते वाटणारा मुलगा चटकन कपडा घेऊन वळला. आणि माझ्या बाहीत काहीतरी गार, गुळगुळीत सरकलं.

पत्ता! औषधाची पट्टी नव्हे, पत्ता!

मी हादरलो. शिवणी उसवतात की काय असं झालं मला. बाईंच्या नाडीत मात्र ठोक्याचाही फरक नव्हता. थोड्या वेळाने, वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातून उचललेला माझ्यातला चांगला पत्ता मेजावर गेला आणि मेजावरचा वाईट माझ्या पोटात आला. डाव संपायच्या आत तोही गुपचूप त्या ढिगात परत गेला, म्हणजे कुणी पत्ते मोजले तरी भरती बरोबर. लोक बाईंचं कौतुक करत होते. "काय हात आहे ताईंचा!"

त्याहून मोठा धक्का लिफ्टमध्ये बसला. दार बंद झालं आणि इतका वेळ पोरीवर खेकसणारे यजमान खांदे पाडून कोपऱ्यात उभे राहिले. "मॅडम, चहा जरा लवकर सांडला पोरीनं," ते अदबीनं म्हणाले.

"बघितलं मी," बाई म्हणाल्या.

मॅडम! म्हणजे नवरा नव्हे. आणि मुलगी? ती बदामाची बिस्किटं विकणाऱ्या एका दुकानात कामाला होती. आई लहानपणीच गेलेली. बाईंनी गिऱ्हाईक म्हणून जाता-येता तिचा चेहरा हेरला होता. हे मला आ-चिंगच्याच तोंडून कळलं, ती बाईंचे पाय चेपत बसली होती तेव्हा.

"सगळ्यांसमोर आई म्हणायचं सांगितलंत तुम्ही," ती म्हणाली. "पण आता दोघीच असतानाही तेच येतं तोंडात. चालेल?"

बाईंनी दुसरा पाय पुढे केला. "म्हण," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी मनाची समजूत घातली. लबाडी खरी, पण माया तरी खोटी नाही. दालनं बदलली, शहरं बदलली, समुद्र ओलांडले. मी बाहीत पत्ते लपवत राहिलो आणि सकाळी पेजेवरची फुंकर ऐकत राहिलो.

आणि मग ती दुपार आली. बदाम-नव्वी माझ्या बाहीत होती. डाव अर्ध्यावर असताना काळ्या कोटातला एक अधिकारी मेजाशी आला, हसत म्हणाला, "माफ करा मंडळी. पत्ते मोजायचेत. कृपया कुणी जागेवरून उठू नका."

असं मध्येच कधी झालं नव्हतं. आ-चिंगचे ओठ पांढरे पडले, ती बाईंकडे बघू लागली. पहिल्यांदाच मला बाईंच्या मनगटातली नाडी धावताना जाणवली. पण घडीभरच. मग ती शांत झाली, आणि बाईंनी मला अंगातून काढलं.

"अगंबाई, किती थरथरतेयस! साहेब, कालपासून ताप आहे हो पोरीला, आणि तुमची ही गार हवा." असं म्हणत त्यांनी मला आ-चिंगच्या खांद्यावर घातलं. तिचे हात बाह्यांत घातले. वरचं बटण लावलं. गालावरून हात फिरवला.

शेजारची एक बाई म्हणालीसुद्धा, "आई ती आईच."

आ-चिंगची बोटं अस्तरातल्या पत्त्याला लागली. तिने बाईंकडे पाहिलं. बाई अधिकाऱ्याकडे पाहून हसत होत्या.

एक पत्ता कमी भरला. एकेकाला आत नेऊन झडती झाली. यजमानांपाशी काही नाही. बाईंपाशी काही नाही. दोघांना सोडलं. मग आ-चिंगची पाळी आली. कॅमेऱ्यातली चित्रं मागे नेऊन कोट कुणाचा ते कळेपर्यंत दोघं बंदरावरच्या गर्दीत मिसळून गेले होते. मला अजून पटत नाही. ज्या हातांनी बटण लावलं, त्याच हातांनी तिला पकडून दिलं!

चौकशीच्या खोलीत एक बाईच होत्या, पोलिसातल्या. वयाने मोठ्या, आवाजात राग नव्हता.

"कोट कुणाचा?"

"आईचा," आ-चिंग म्हणाली. "ती येईल. विचारा तिला, येईलच ती."

"बरं. नाव काय आईचं?"

आ-चिंगने तोंड उघडलं. आणि मला तिच्याबरोबरच उमगलं की आपल्याला ते ठाऊकच नाही. या हॉटेलात एक नाव, त्या हॉटेलात दुसरं; मेजावर ताई, लिफ्टमध्ये मॅडम. इतके दिवस मी त्या अंगावर राहिलो, तिने पाय चेपले, आणि आम्हा दोघांकडे त्यांचं एक खरं नाव नव्हतं.

"आई," ती पुटपुटली. "एवढंच."

पोलीसबाईंनी पेन खाली ठेवलं. "काढ तो कोट, बाळ. जमा करावा लागेल."

आणि त्या पोरीने काय करावं? सगळं कळून चुकल्यावर तिने मला दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरलं. "थोडा वेळ राहू द्या ना," म्हणाली. "खरंच थंडी वाजतेय."

त्यांनी राहू दिला.

आता मी पोलिसांच्या सामानाच्या खोलीत एका पिशवीत आहे. बाही कापून उघडलेली, नव्वी वेगळ्या पाकिटात. आ-चिंग तुरुंगात आहे. तिला भेटायला कुणी आलं का, हे मला इथे कोण सांगणार? तुम्ही कधी या बाजूला आलात आणि जहाजात शेजारी एखादी नीटनेटकी, हळू बोलणारी बाई बसली, तिच्याबरोबर नवी मुलगी असली, तर माझ्याबद्दल काही विचारू नका. त्या मुलीलाच विचारा, आईचं नाव काय गं तुझ्या?