कॅसेटवरची फुंकर

जावईबापूंनी नवाकोरा व्हिडिओ गेम आणून टीव्हीला जोडला आणि आम्ही सगळे सोफ्यावर बसून एक निळी पट्टी भरताना बघू लागलो. “अपडेट होतंय,” ते म्हणाले. चित्रं अगदी खरीखुरी वाटतात म्हणे. वाटत असतील, दिसली की सांगते.

पट्टी अर्ध्यावर अडून बसली, तेव्हा मी माळ्यावरून माझा जुना गेम काढला, टीव्हीला जोडला आणि कॅसेटवर फुंकर मारली.

“आई, फुंकरीने काही होत नसतं. उलट ओलाव्याने पिना गंजतात,” जावईबापूंनी शास्त्र समजावलं.

मी मान डोलावली आणि कॅसेट खोचली. तीच जुनी टुणटुण वाजली आणि माझा दिवसभराचा शीण उतरला. ना पासवर्ड, ना पट्टी. उड्या मारा, पडा, पुन्हा उठा, कोणी काही विचारत नाही.

मग मी रिमोट मानाने त्यांच्या हाती दिला. शास्त्रज्ञ पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा त्याच खड्ड्यात पडले. मग त्यांनी कॅसेट काढली, आमच्याकडे पाठ केली आणि हळूच फुंकर मारली.

“धूळच असेल हो,” मी म्हणाले. जावयाचा मान राखावा लागतो.