फोनवरचं माप

आत्या लोकांचे दात करते. पूर्ण कवळ्या, अर्ध्या कवळ्या, कधी पुढचा एकच दात. ज्यांच्यासाठी करते त्यांना ती सहसा बघतही नाही. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेतात, त्यात प्लास्टर ओतून साचा तयार होतो आणि तो आत्याच्या टेबलावर येतो. तिच्या फळीवर अशी बरीच तोंडं आ वासून रांगेत बसलेली असतात.

तिचे दोन नियम आहेत. एक, दात आधी मेणात बसवून डॉक्टरांकडे पाठवायचे. रुग्णाच्या तोंडात घालून पाहिले आणि बरोबर आले, तरच पक्कं काम करायचं. "मेणात चूक निघाली तर हसायचं, पक्क्यात निघाली तर रडायचं," असं ती म्हणते. दुसरा नियम फोनचा. डॉक्टर घाईत असले की फोन करतात, "मॅडम, डावीकडून जरासं कमी करा ना, टोचतंय म्हणतात." आत्याचं उत्तर ठरलेलं. "फोनवर माप घेत नाही मी. साचा पाठवा."

हीच आत्या, ज्याला एकदाही भेटली नव्हती अशा माणसाच्या शब्दावर स्वतःच्या कामाची खोली सोडायला निघाली होती.

आमच्या घरात आम्ही तिघं. बाबा, त्यांची ही धाकटी बहीण आणि मी. आत्याने लग्न केलं नाही. का, ते आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एका रविवारी कपाट आवरता आवरता ती मला म्हणाली, "ते लोक भेटतात ते अ‍ॅप असतं ना, ते मला लावून दे."

बाबांनी ऐकलं. "आता नवरापण साच्यातून काढणार का?"

"काढेन. तुझ्यासारखा निघाला तर फोडून टाकेन."

ती भोळी नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका परदेशी सर्जनने तिला लग्नाचं विचारलं. तिने त्याचे दोन फोटो मोठे करून मला दाखवले. "हा सुळा बघ. आणि हा बघ. एकाच तोंडातले आहेत का?" सर्जन गेला. पाठोपाठ जहाजावरचा एक इंजिनिअर आला, तोही गेला. मग फ्रेमवाला आला.

फ्रेमवाल्याचं शेजारच्या शहरात फोटोंना चौकटी करायचं दुकान होतं. बायको वारली होती, एक मोठी मुलगी होती. तो रोज संध्याकाळी लिहायचा. "आज एक गिऱ्हाईक आलं. आजोबांच्या फोटोला चौकट हवी, पण काच नको म्हणालं. म्हटलं, का हो? तर म्हणे, आजोबांना कोंडलेलं कधीच सहन व्हायचं नाही." आत्या दात घासता घासता हसायची. म्हणजे लोकांचे दात, मशीनवर.

ते दोघं कधी फोनवर बोलले नाहीत. मशीनच्या आवाजाने आत्याचा डावा कान गेलाय, उजवा अर्धामुर्धा आहे, त्यामुळे तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. स्पीकरवर प्रेमाच्या गोष्टी बाबांच्या देखत कोण बोलणार? कॅमेऱ्यासमोर आपल्याला ओशाळल्यासारखं होतं, असं त्यानेही कळवलं होतं. दोघांचीही सोय झाली.

मग एकदा त्याने लिहिलं, "आमच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. खिडकी उत्तरेला. दिवसभर सारखा उजेड असतो. तुमचं टेबल तिथे छान बसेल."

आत्याच्या कामाच्या भाड्याच्या खोलीत उजेड नव्हता. दाताचा रंग जुळवायला तिला साचा घेऊन रस्त्यावर यावं लागायचं आणि जाणारे-येणारे दचकायचे. तिसऱ्या दिवशी तिने घरमालकांना सांगून टाकलं, महिनाअखेर खोली सोडते.

"अगं, माणूस तरी बघ आधी!" बाबा म्हणाले.

"हिने तपासलाय."

मी तपासला होता, हे खरं. माझं कामच तपासायचं आहे. मी एका प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासते. दवाखाने, कारखाने त्यांची उपकरणं पाठवतात, आम्ही ती आमच्या प्रमाण थर्मामीटरशी ताडून पाहतो आणि दाखला देतो. फ्रेमवाल्याच्या बाबतीत मी तेच केलं. त्याचा फोटो दुसऱ्या कुणाच्या नावाने कुठे सापडतो का ते पाहिलं. नाही सापडला. दुकानाची पाटी नकाशातल्या फोटोत होती. पाटीवरच्या नंबरावर फोन केला आणि गिऱ्हाईक असल्याचं सांगितलं. त्यानेच उचलला.

"फोटोला चौकट करून मिळेल का?"

"हं."

"किती वेळ लागेल?"

"परवा या."

एवढंच. इतकं रसाळ लिहिणारा माणूस इतका कोरडा कसा, असं मनात आलं होतं. पण दुकानात असताना माणसं कमी बोलतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाकी सगळं जुळत असताना एक नोंद जुळत नसेल, तर ती बाजूला ठेवायचा मोह होतो. प्रयोगशाळेत मी तसं कधी करत नाही. आत्याला म्हटलं, माणूस खरा आहे.

तरी बाबांचं टुमणं थांबेना. शेवटी भेटायचं ठरलं. फ्रेमवाल्याच्या शहरात, बसस्थानकासमोरच्या हॉटेलात. मी सोबत. आत्याने निळे कपडे घातले होते आणि तसं आदल्या संध्याकाळी त्याला कळवलंही होतं, ओळखू यावं म्हणून.

आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. आत्याने फोनवर लिहिलं, "आलो आहोत. खिडकीशी बसलोय." मी रस्त्याकडे पाहत होते. पलीकडच्या फुटपाथवर तो दिसला, फोटोतलाच माणूस, फोटोइतकाच टकला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मोठं लाकडी त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं आणि वरून हनुवटीने दाबलं होतं. शेजारी माझ्याच वयाची मुलगी, चालता चालता फोनमध्ये बघणारी.

टेबलावर आत्याचा फोन थरथरला. "समोरच आहे. रस्ता ओलांडतोय. निळा रंग शोभतो तुम्हाला."

आत्याने फोन वाचला. मग रस्त्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात अजून लाकडाखालीच होते आणि तो आमच्या खिडकीकडे नाही, येणाऱ्या बसकडे बघत होता. मुलीने फोन पिशवीत टाकला आणि वडिलांचा दंड धरून त्यांना रस्ता ओलांडायला लावला.

"पाहिलंस?" आत्याने विचारलं.

"हो."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "बरं झालं," ती म्हणाली. "मेणातच आहे अजून." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

ते आत आले. त्याने ओझं खुर्चीवर ठेवलं, हात झटकले, "नमस्कार," म्हणाला आणि बसला. तोच आवाज, फोनवर "परवा या" म्हणणारा.

"बाबांना बोलायला जरा वेळ लागतो हं, काकू," मुलगी म्हणाली.

"लिहायला नाही लागत," आत्या म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. आत्याने उजवा कान फ्रेमवाल्याकडे केला. "आजोबांच्या फोटोला काच नको म्हणणारं गिऱ्हाईक आठवतं का हो?"

तो एकदम हसला. दात चांगले होते, स्वतःचे. "आठवतं की! पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

वेटरने चहा आणून ठेवला.

"तुमच्या तळमजल्यावरची खोली रिकामी आहे म्हणे," आत्या म्हणाली.

"ती कुठली रिकामी? काचा आहेत तिथे. छतापर्यंत." तो मुलीकडे वळला. "काय गं?"

"तुम्हाला काय सांगितलं होतं हिने?" आत्याने विचारलं.

"हेच की, एक बाई आहेत, दातांचं काम करतात, आपल्याशी ओळख करून घ्यायचीय. मागच्या आठवड्यात म्हणाली. मी म्हटलं, बघू."

"मागच्या आठवड्यात." आत्याने मान हलवली. "आणि आम्ही पावसाळ्याच्या आधीपासून बोलतोय."

मग मुलगी बोलली, भरभर, खाली बघत. "खोटं नाही लिहिलं मी काही. गोष्टी बाबांच्याच आहेत. जेवताना सांगतात. मी फक्त नीट लिहून काढल्या."

"आणि खोली?"

"करता येईल रिकामी."

"आणि निळा रंग?"



"माझी बदली होतेय," ती म्हणाली. "लांब. बाबा एकटे पडतील."

"मी एकटा पडेन असं मी म्हटलं का तुला?" फ्रेमवाल्याचा आवाज चढला, तसे पलीकडच्या टेबलावरचे लोक वळले.

"तुम्ही काही म्हणता तरी का कधी?"

"म्हणून माझ्या नावाने? माझा फोटो लावून?"

"मी माझी कामाची खोली सोडलीय," आत्या मध्येच म्हणाली. अगदी सरळ आवाजात, पोस्टात गेले होते म्हणावं तसं. "महिनाअखेर. तुमच्या उत्तरेच्या खिडकीवर विसंबून."

फ्रेमवाल्याने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. "हे फार वाईट झालं," तो म्हणाला. मुलगी रडायला लागली.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड," आत्या तिला म्हणाली. "मला तुझ्या वडिलांशी बोलायचंय." आणि मला, "तू जा तिच्याबरोबर. गाडीखाली यायची कुठल्यातरी."

आम्ही दारापाशी उभ्या राहिलो. मला राग आला होता, पण त्याहून जास्त उत्सुकता होती.

"रोज लिहायचीस?"

"सुरुवातीला बाबांसाठी. दोन-चार दिवसांत त्यांना सांगणारच होते." तिने नाक पुसलं. "मग काकू विचारायला लागल्या, जेवलात का, डोकं दुखायचं थांबलं का. आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी कुणाला असं विचारत नाही. मी उत्तर द्यायचे, ते माझंच असायचं. डोकं माझंच दुखायचं."

म्हणजे मी माणूस बरोबर तपासला होता. बोलत कोण होतं ते तपासलं नव्हतं.

खिडकीतून आतलं दिसत होतं. दोघं फारसं बोलत नव्हते. त्याने वर्तमानपत्र सोडलं, आतून लाकडी खणांची मांडणी निघाली, साचे ठेवायला केलेली. कोपरे सुरेख जुळलेले. आत्याने एका खणात मूठ घालून पाहिली, मग दुसऱ्या. मग मान हलवली. माप मुलीनेच दिलं होतं, नेटवर कुठलातरी फोटो बघून, अंदाजाने. आत्याचा एकही साचा त्यात मावणार नव्हता.

तरीही मांडणी आमच्याबरोबर आली. तो ती परत न्यायला तयार होईना. बसमध्ये ती आम्हा दोघींच्या मांडीवर होती.

"माणूस खरा होता ना तुझा?" आत्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

"हो. पण मी..."

"दुकान खरं?"

"हो."

"मग झालं. ठसाच हललेला असला, तर साचा कितीही गुळगुळीत निघू दे, काय उपयोग?" ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "छान लिहायची गं."

तिने फोन काढला. मी बघत होते आणि तिने लपवलं नाही. तिने लिहिलं, "वेळेवर जेवत जा. डोकं उपाशी राहिल्यानेच दुखतं." ते पाठवलं आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

उतरल्यावर ती घरी न येता सरळ घरमालकांकडे गेली. त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना शब्द दिला होता. बाईंची मशीन पोर्चमध्ये येऊनही पडली होती. "ताई, तुम्हीच म्हणालात ना?" घरमालक म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आत्याने वाद घातला नाही.

महिनाअखेर तिचं टेबल माझ्या खोलीत आलं. खिडकी पश्चिमेला आहे, पण निदान आहे. माझी गादी भिंतीला गेली आणि उशाशी प्लास्टरची पोती आली. सकाळी डोळा उघडला की समोर कुणाचातरी खालचा जबडा असतो.

"दात घरात आले," बाबा म्हणाले, "नवरा तेवढा राहिला."

"आधी तुझी बत्तिशी काढते, थांब."

फ्रेमवाल्याची मांडणी स्वयंपाकघरात पडून होती. बाबा तिच्यात चमचे ठेवायला लागले होते.

त्याच आठवड्यात, बाहेरच्या खोलीत आत्या मेण कोरत बसली असताना, फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. तिने कोपराने स्पीकर लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

"मी. फ्रेमवाला."

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आत्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण फोन उचलून आत गेली नाही.

"हा माझा स्वतःचा नंबर आहे," तो म्हणाला. एकेक शब्द शोधून आणत असल्यासारखा बोलत होता. "ते खण. बसत नाहीत म्हणालात."

"नाहीच बसत."

"मला झोप लागत नाही त्याने. असं काम माझ्या हातून जात नाही कधी. माप सांगा. नवीन करून पाठवतो."

आत्याने कोरणी खाली ठेवली.

"फोनवर माप देत नाही मी."



"हं," तो म्हणाला. "परवा दुकान बंद असतं."

"मग परवा या," आत्या म्हणाली. "आणि एकटेच या."