डावजोड्या

आज हिच्यावर जीव टाकणारा, उद्या तिच्या दारात घुटमळणारा माणूस दिसला, की त्या गावात त्याला ‘डावजोड्या’ म्हणत. दुधाचं घर बदलणाऱ्या मांजरालाही तीच पदवी मिळे. शब्द इतका मुरला होता, की पोरासोरांना वाटे तो आभाळातूनच पडला असावा.

तो पडला होता जोड्यांच्या दुकानातल्या म्हातारीच्या घरात. मूळ डावजोड्या म्हणजे तिचा नवरा.

जोडे शिवणाऱ्यांची रीत अशी: लग्न ठरलं, की मुलानं स्वतःच्या हातानं शिवलेला डावा जोडा मुलीला द्यायचा. उजवा लग्नाच्या दिवशी. म्हाताऱ्यानं ज्वानीत पाच मुलींना डावे जोडे दिले होते. उजव्याची वेळ एकीवरही आली नाही. सहावी ही म्हातारी, त्याच्या मालकाची मुलगी; तिच्या बापानंच जमवलं. ‘पाच घरचं उष्टं माझ्या ताटात,’ असं मनात म्हणतच म्हातारीनं संसार केला. कुणी तो शब्द उच्चारला, की म्हातारा हसे आणि ती टाचणी टोचल्यासारखी गप्प होई.

आता नातीचं बेकरीवाल्याच्या मुलाशी जमलं होतं. तर एका सकाळी मुलाची आई पिठाच्या हातांनीच दुकानात शिरली आणि तिनं एक जुना, वाळलेला जोडा फळीवर आपटला.

“हा आमच्या आत्याला दिला होता तुमच्या डावजोड्यानं! त्याच्या रक्ताची मुलगी माझ्या घरात? आज माझा मुलगा, उद्या कोण?”

नात पांढरीफटक पडली. मागच्या खोलीतली म्हाताऱ्याची हातोडी थांबली.

“बाई, ओरडू नका, चामडं घाबरतं,” म्हातारी म्हणाली. तिनं जोडा उचलला. जन्म दुकानात गेलेली बाई ती, शिव्या ऐकतानाही बोटं शिवण तपासत होती. बोट आत सरकलं आणि तिथंच अडकलं. करंगळीच्या जागी चामड्याला एक खोबण होती. अशी खोबण कुणी उगाच घालत नाही.

म्हातारीची डावी करंगळी जन्मापासून वाकडी.

“पोरी,” ती नातीला म्हणाली, “माझ्या पायाचा लाकडी साचा काढ. माझ्या बापानं केलेला.”

साचा आला. जोड्यात घातला. तलवार म्यानात जावी तसा गेला. मग म्हातारीनं पाय घातला. म्हातारपणानं सुजलेली टाच जरा कुरकुरली, पण करंगळी आपल्या खोबणीत जाऊन अशी बसली, जणू तिथलीच भाडेकरू.

“अगं बाई!” बेकरीवाली मटकन स्टुलावर बसली. “आत्या म्हणायची, जोडा चावायचा म्हणून परत द्यायला गेले, तर या माणसानं घेतलाच नाही. लग्न मीच मोडलं, म्हणायची. आम्हाला वाटायचं, लाज झाकायला बोलते.”

“अहो!” म्हातारीनं अशी हाक मारली, की खिळ्यांचा डबा सांडला. “बाहेर या!”

म्हातारा आला. कान लाल.

“पाचही माझ्याच मापाचे?”

“मापं त्यांचीच घेतली होती गं. पण हात ऐकेना. शिवायला बसलो, की तुझाच पाय व्हायचा. एकीलाही बसला नाही. एकेक मोडून गेली.”

“मग मला मागायला काय झालं होतं?”

“मालकाची मुलगी तू. माझी छाती नव्हती.”

“पाच पोरींचे पाय धरायला बरी होती छाती!” म्हातारीचा आवाज फाटला. “अख्खा जन्म मी उरलीसुरली म्हणून काढला. आणि तुम्ही त्या शब्दावर हसत होतात?”

“लोक इतकं चुकीचं बोलायचे, की हसूच यायचं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. साचा तुझाच, दुकान तुझंच.”

म्हातारीच्या मनात आलं, एवढा मोठा गाढव आपल्याच घरात आणि आपल्याला पत्ता नाही!

बेकरीवालीनं डोळे पुसले, गालावर पीठ माखलं. मग नातीकडे वळून म्हणाली, “पोरी, तुझ्या आजोबांसारखी डावजोडी निघालीस तर चालेल मला. पण तो जोडा द्या बरं, आत्याचा आहे.”

“तिला बसला होता का?” म्हातारीनं पाय मागे घेतला. मग म्हाताऱ्याला म्हणाली, “याचा उजवा करा. आजच. आणि आधी नीट माप घ्या.”

म्हातारा बुचकळ्यात पडला.

“कशाला?” तो म्हणाला.