पासोडीखालचा सौदा

हा सौदा मनासारखा झाला असता, तर नत्थुजीच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: बसणं. दलालीही मिळणार होतीच, पण त्या सालांत वऱ्हाडात रुपया इतका खुळखुळत होता की त्याचं कौतुक तरण्या माणसांना. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडकला होता, आणि इकडं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली होती. नत्थुजीची साठी उलटली होती आणि गुडघे त्याच्याआधीच म्हातारे झाले होते. नांदगाव खंडेश्वरच्या खुशालराव पाटलांनी त्याला शब्द दिला होता, की अकोल्याच्या बाजारात आमच्या मालाला पुऱ्या पंजाचा भाव आणून दे, मग तू कुठं जायचं नाही. आमच्या ओसरीवर बसायचं, येत्याजात्या गाड्यांवर नजर ठेवायची आणि दुपारी घरी जाऊन बायकोच्या हातचं गरम जेवायचं.

दुपारचं गरम जेवण ही काय मोठी मिळकत, असं ज्याला वाटेल तो कधी कापसाच्या तांड्याबरोबर मिर्झापूरपर्यंत चाललेला नसणार. नत्थुजी चालला होता. आगगाडीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून तो लमाणांच्या बैलांमागं धूळ खात चालला होता. बऱ्हाणपूर, नागपूर, अमरावती असं करत त्याच्या जन्माचा मोठा हिस्सा वाटेवरच खर्ची पडला. या सगळ्या वाटांवर त्याच्या अंगावर होती ती एकच पासोडी. लग्नानंतरच्या साली मैनाबाईनं तिचं सूत कातलं, गावच्या कोष्ट्यानं ते विणलं, आणि मैनाबाईनं दोन पदर एकावर एक घालून कौंडण्यपूरच्या जत्रेत घेतलेल्या लाल दोऱ्यानं काठ शिवला. थंडीत ती पांघरूण, पावसात खोळ, उन्हात डोक्यावरची सावली आणि धर्मशाळेत उशी. नवरा घरी किती दिवस राहिला यापेक्षा पासोडी किती फाटून आली यावर मैनाबाईचं लक्ष जास्त, अशी शेजारणी तिची थट्टा करत. ती म्हणे, नवरा सांगत नाही ते पासोडी सांगते.

पण नत्थुजीची ही पासोडी बाजारात ओळखीची होती ती वेगळ्याच कामासाठी. कापसाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, हा रिवाज. विकणाऱ्याचा दलाल आपला हात पुढं करतो, वर कापड टाकतो, घेणारा खालून हात घालतो आणि बोटं दाबतो. चालत्या भावावर एक बोट म्हणजे इतकं चढ, दोन बोटं म्हणजे तितकं, आणि पुरा पंजा म्हणजे घेणारा अगदी गरजू. एक जण हात काढतो, मग दुसरा घालतो. पहिल्यानं काय दिलं हे दुसऱ्याला कळत नाही, म्हणूनच दुसरा भीतीनं जास्त देतो. सगळा धंदा या न कळण्यावर उभा. आणि नत्थुजीची पासोडी जाड, दुपदरी. तिच्याखाली हात घातला की तो देवाला दिसेल तर दिसेल, असं लोक म्हणत.

तेजीच्या सालांत मात्र एक गंमत झाली. कापसाच्या मुलखात घराघरांतला कापूस संपला. वातीपुरताही कोणी मागं ठेवीना. गावचा कोष्टी माग मोडून गाडी हाकायला गेला, त्यात त्याला जास्त मिळत होतं. मैनाबाई पाटलांच्या शेतात वेचणीला जाई. वेचलेल्या कापसाचे ठरलेले सारखे ढीग घालायचे आणि त्यातला एक ढीग वेचणारीचा, ही मजुरी. तो वाटा ती पदरात घेऊन येई, आणि नत्थुजी दारातूनच तो उचलून विकायच्या गाडीत टाकी. पासोडी विरली आहे, ठिगळापुरतं सूत कातू द्या, असं ती तीन सालं सांगत होती. चांदी कोणी कातत नसतं, असं तो हसून सांगे. दलालच तो. दुसऱ्याच्या मालाचा भाव त्याला बरोबर कळे, अंगावरच्या मालाचा कळला नाही.

तर पौषात पाटलांच्या गाड्या अकोल्याला पोचल्या. तिथं आता आगगाडी आली होती आणि घेणारे गुळाला मुंग्या लागाव्यात तसे जमले होते. त्यांत मोरोपंत नावाचे एक गुमास्ते होते, मुंबईच्या एका पेढीचे. त्यांचे रिकामे डबे रुळावर उभे आहेत आणि ते भरल्याशिवाय त्यांची धडगत नाही, ही बातमी नत्थुजीनं हमालांकडून काढली होती. पंजा दाबणार तो हाच, हे त्यानं ओळखलं. पाटलांना तसं सांगितलंही, आणि त्या रात्री गाडीखाली पडल्यापडल्या तो ओसरीवर कुठल्या खांबाला टेकून बसायचं याचा विचार करत राहिला.

सकाळी सौदा लागला. बाकीचे व्यापारी उन्हाकडं पाठ करून बसले. मोरोपंत एकटे समोर, सूर्याकडं तोंड करून, डोळे बारीक करून. त्यांची ही रोजची जागा. पंतांना अर्घ्य द्यायला सवड होत नाही म्हणून ते इथं भागवतात, अशी बाजारात मस्करी चाले. पहिल्यानं पासोडीखाली दोन बोटं दाबली. दुसऱ्यानं तीन. मग पंत सावकाश उठून आले, हात घातला आणि तीन बोटं दाबून चौथ्याचं फक्त एक पेर दाबलं.

नत्थुजीनं हात सोडला नाही. थोडा वेळ तो वाट पाहत राहिला, माणूस चुकून थांबला असेल म्हणून. पंतांचा हात आपणहून बाहेर गेला. याहून जास्त देणारा कोणी नव्हता आणि कापूस परत नेणं परवडणारं नव्हतं. सौदा झाला.

लोक पांगल्यावर त्यानं पासोडी झटकायला म्हणून दोन्ही हातांनी वर धरली. सूर्य पलीकडं होता. पासोडीच्या मधोमध, जिथं तीस सालं हात घासले होते, तिथून त्याला पलीकडच्या बैलाची शिंगं दिसली, गाडीचं चाक दिसलं, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेले मोरोपंतही दिसले. आपली पाचही बोटं त्यानं पासोडीमागं नेऊन पाहिली, ती एकेक मोजता आली. मग तो पंतांपाशी गेला आणि किती दिवसांपासून, एवढंच विचारलं.

"दोन हंगाम झाले," पंत म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हेच वाईट. "नत्थुजी, मी कुणाच्या घरात शिरलो नाही. तुम्ही दाखवत होता, मी बघत होतो. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

संध्याकाळी गाडीतळावर रोडगे भाजत होते. नत्थुजीनं पाटलांना सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती. खुशालराव पाटील शिव्या देणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रोडगा मोडला, तूप घातलं आणि घास तोंडात टाकला.

"हे आनखीन कोनाले ठाव हाये?" त्यांनी विचारलं.

"मोरोपंताले, मले, अन् आता तुमाले."

"मंग शिवू नको ते. पुढच्या हंगामात मी बी लोकाईचा माल घेऊन राहिलो. तू सौदे लावत जाय, मी पंताच्या बाजूनं बसत जाईन."

"अन् माह्यं बसनं?"

"बसशीन नं. दोन साल चाल, मंग बस."

नत्थुजीनं विस्तवाकडं पाहिलं. म्हटलं तर दोनच सालं, आणि चालायची त्याला सवय होती. त्यानं पासोडी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"पाटील," तो म्हणाला, "ह्याच्या भरवशावर लोकाईनं माल देला, ह्याच्याखाली हात देला, तो इस्वासानं देला. दोन हंगाम मी त्याईले बुडवलं, पन मले ठाव नोतं. आता ठाव हाये. मले नाई जमत."

"मंग चालत राय," पाटील म्हणाले, आणि दुसरा रोडगा घेतला. रागावले नाहीत. ओसरीवर बसायला माणूस त्यांना कोणीही मिळाला असता.

घरी आल्यावर नत्थुजीनं पासोडी मैनाबाईपुढं ठेवली आणि झालं ते सांगितलं. तिनं कापड उजेडाकडं धरून पाहिलं. तीन सालांतलं एक अक्षर तिनं उकरून काढलं नाही. पुन्हा कधी निघणार, तेवढं विचारलं. महिनाअखेर अमरावतीला, तो म्हणाला.

"मंग ह्या येचनीच्या वाट्याले हात लावू नका," ती म्हणाली. "थो माह्या हाये."

त्यानं लावला नाही. दुसरी वेचणी झाली, बाया पदर भरून पाटलांच्या खळ्यावर आल्या, आणि ढीग घालताना दिसलं की यंदा ढीग जास्त आहेत, म्हणून वेचणारीचा ढीग बारीक आहे. एकीनं विचारलं. अकोल्याला भाव कमी मिळाला, असं उत्तर आलं, आणि ते खरंच होतं. मैनाबाईनं आपला बारका ढीग उचलला, सरकी काढली, सूत कातलं आणि सुईनं पासोडीच्या मधोमध दोऱ्यात दोरा घालत बसली. महिनाअखेर नत्थुजी ती खांद्यावर टाकून निघाला. गुडघे दुखत होतेच.

आता कोणी किती भरलं ते पाहू. मोरोपंतांचे डबे भरले आणि पेढीनं त्यांना शाबासकी दिली. त्यांनी काही भरलं नाही. खुशालराव पाटलांची तूट दुसऱ्या वेचणीतच भरून निघाली, आणि तिसऱ्या वेचणीपासून तो त्यांचा नफा. नत्थुजीनं भरलं ते पायांनी, पण ते त्यानं स्वतः कबूल केलं होतं. बाकी सारं भरलं वेचणीच्या ओळीतल्या बायांनी, ज्यांतल्या एकीनंही अकोला पाहिलं नव्हतं. आणि मैनाबाईनं भरलं दोनदा: एकदा ढिगात कमी घेऊन, आणि एकदा त्या कमीतलं सगळं पासोडीत घालून.